तोंड उघड, शिवू

शिवू तोंड उघडेना, आणि श्रीदेवीच्या अंगात आता भांडायचं बळ उरलं नव्हतं.

मोरीपाशी पाट टाकून तिनं त्याला बसवला होता. सात वर्षांचं पोर. डोक्यावर केस नाहीत, भुवया नाहीत, मनगट एवढंसं. तिच्या हातात पेला, पेल्यात कोमट पाणी, मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. हॉस्पिटलातल्या सिस्टरांनी बजावून सांगितलं होतं, काही खाल्लं की चूळ, उठला की चूळ, झोपायच्या आधी चूळ. सांगायला त्यांचं काय जातंय! चूळ भरायची म्हणजे आधी तोंड उघडावं लागतं, आणि हे पोर भाताच्या पेजेचे दोन घोट घ्यायचं तेसुद्धा ओठांच्या फटीतून.

"एकच चूळ, शिवू. माझं सोनं हाईस का न्हाईस तू?"

त्यानं मान हलवली.

"बरं, नुसतं दाखीव तरी. आ कर."

परत मान हलली.

"नगं करू जा! मला काय पडलंय!" म्हणून तिनं पेला मोरीत ओतून दिला, आणि ओतल्या ओतल्या तिला स्वतःचीच शरम वाटली. पडलं नसतं तर पहाटे उठून पाणी कशाला उकळलं असतं? पण माणूस थकलं की तोंडाला येईल ते बोलतं. ती तिथंच ओल्या फरशीवर टेकली, भिंतीला डोकं लावून. शिवू तिच्याकडं बघत बसून राहिला. त्याला सवय झाली होती, आईला असं मध्येच बसलेलं बघायची.

गेल्या दिवाळीपासून हे चाललं होतं. आधी नुसता ताप, मग अंगावर निळे डाग, मग सोलापूरच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या, आणि मग डॉक्टरांनी तिला आणि तिच्या नवऱ्याला, नंदीशला, खुर्चीवर बसवून सांगितलेलं ते एक वाक्य. रक्ताचा कॅन्सर. लहान मुलांत बरा होतो, असंही सांगितलं होतं, पण ते ऐकायला तिचे कान जागेवर होते कुठं! नंदीश पुण्याला कंपनीची गाडी चालवतो, तो दर रविवारी फोनवर विचारतो, "बरं हाय न्हवं?" आणि ती म्हणते, "हाय की." दुसरं काय म्हणणार? वळसंगहून सोलापूरला वडापच्या जीपनं जायचं, औषध चढवायचं, ओकत ओकत परत यायचं, हे सगळं तिच्यावर. घरात तिसरं माणूस म्हणजे सासरे.

आणि ह्या केमोनं सगळ्यात वाईट धरलं होतं ते पोराचं तोंड. औषध चढवलं की आठवड्याच्या आत आतून सोलून निघायचं. जीभ लाल, ओठांच्या आत पांढरे फोड, लाळ गिळायची तरी डोळ्यांत पाणी. पहिल्या वेळी ब्रश लावला तर हिरडीतून भळाभळा रक्त आलं. ते बघून श्रीदेवीनं ब्रश उचलून कपाटावर टाकला तो टाकलाच. पोराला आधीच एवढा त्रास, त्यात आपण आणि कशाला टोचायचं? आईच्या मायेनं केलं होतं. मायेनं केलेल्या गोष्टीला कुणी चूक म्हणेल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तिच्यासाठी मिटलेलं ते तोंड एका माणसासाठी मात्र बरोबर उघडायचं.

तिचे सासरे, चनबसप्पा. रोज सकाळी आंघोळ, कपाळावर विभूती, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा, आणि मग नातवापाशी येऊन बसायचे. नातू आजारी पडल्यापासून त्यांनी सोमवार धरला होता. दर सोमवारी सोलापुरात सिद्धरामेश्वराला जायचे, समाधीपुढं खडीसाखरेची पुडी ठेवायचे, उचलून घरी आणायचे. त्यातला एक खडा रोज सकाळी शिवूच्या तोंडात.

"बाय तेगी," ते कानडीत म्हणायचे, तोंड उघड. आणि बघा, उघडायचं! चिमणीच्या पिलागत उघडायचं. खडा आत गेला की परत बंद.

श्रीदेवी ते बघत उभी राहायची. मी जन्म दिला, मी ओकारी पुसतेय, मी रात्रंदिवस उशाशी बसतेय, आणि तोंड उघडतंय कुणासाठी, तर अज्जासाठी! पण ती काही बोलायची नाही. प्रसादाला कोण नको म्हणणार? आणि खरं सांगायचं तर तिलाही तो प्रसाद हवा होता. डॉक्टरांचं औषध पोराला रडवायचं, देवाचा खडा तरी रडवत नव्हता.

त्या सकाळी पेला ओतून ती उठली आणि शिवूला उचलायला वाकली, तेव्हा तिला दिसलं. डावा गाल सुजला होता. हात लावला तर गरम लागला, आणि शिवू कळवळून मागं सरकला.

सूज म्हणजे ताप, ताप म्हणजे ॲडमिट, हे ती आता झोपेतसुद्धा सांगू शकली असती. पाटी-दप्तर भरावं तशी तिची पिशवी कायम भरलेली असायची. ती खांद्याला लावली, पोराच्या नाकातोंडावर मास्क चढवला आणि ती रस्त्यावर येऊन उभी राहिली.

वडापमध्ये शिवू ओकला. खिडकीतून, बिचारा, कुणाच्या अंगावर नको म्हणून. पोटातलं, तोंडातलं, होतं नव्हतं ते सगळं निघून गेलं. हॉस्पिटलात रक्त काढलं, ताप नव्हता. कॅन्सरच्या डॉक्टरांनी गाल बघितला आणि तिला जिना दाखवला, "वर दातांच्या मॅडम आहेत, आत्ताच्या आत्ता दाखवा."

दातांच्या मॅडम म्हणजे डॉक्टर रेश्मा. तरुण बाई, आवाज हळू. शिवू इतका गळून गेला होता की त्यानं त्या दिवशी मुकाट्यानं तोंड उघडलं. मॅडमनी छोटा आरसा घालून डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, परत डावीकडं बघितलं. मग हातमोजे काढत म्हणाल्या, "गोड काय काय खातो हा?"

श्रीदेवीला रागच आला. "गोड? काय न्हाई वो मॅडम. चॉकलेट न्हाई, गोळी न्हाई, बिस्कुटसुद्धा न्हाई. त्याच्या पोटात पेज ठरंना, गोड कुटलं!"

"सरबत? मधातलं औषध?"

"काहीबी न्हाई."

"मला नवल वाटतंय ते हे," मॅडम म्हणाल्या. "औषधानं तोंड कोरडं पडतं, ब्रश होत नाही, त्यानं दात किडतात, बरोबर आहे. पण मग सगळे किडायला हवेत. ह्याचे उजवीकडचे बरे आहेत आणि डावीकडचे पार पोखरलेत. गालात काही धरून ठेवतो का हा?"

"न्हाई, मॅडम."

ती खोटं बोलत नव्हती बरं का. तिला त्या घडीला सकाळचा खडा आठवलाच नाही. प्रसाद कुठं कुणी खाण्यात धरतं? उपासालासुद्धा प्रसाद चालतो. ती गोड म्हणजे दुकानातलं गोड शोधत होती मनात, आणि तिथं काही सापडत नव्हतं.

मॅडमनी समजावून सांगितलं, एकदा नाही, दोनदा. एका दाढेच्या मुळाशी पू झालाय. दुधाचीच दाढ आहे, पण ती काढायलाच हवी. सध्या ह्याच्या रक्तातल्या पेशी बऱ्या आहेत, तेव्हा काढता येईल. पुढचं औषध चढलं की पेशी खाली येतील, मग हात लावता येणार नाही, आणि तो पू अंगात पसरला तर जिवावर बेतेल. म्हणून डॉक्टर पू असताना केमो देणार नाहीत. आणि केमो लांबलं तर आजाराला डोकं वर काढायला वाव मिळतो.

"म्हणजे दाढ निघाली तरच औषध?"

"हो. आज सूज उतरायला गोळ्या देते. गुरुवारी या. गुरुवारी काढली तर जखम भरायला वेळ मिळेल. आणि ब्रश सोडू नका हो, मऊ घ्या, लहान बाळाचा, पण सोडू नका."

श्रीदेवीनं मान डोलवली. कपाटावरचा तो ब्रश तिच्या डोळ्यांसमोर आला आणि तिला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. सगळं करूनसवरून शेवटी आपणच! जिना उतरताना शिवू खांद्यावर होता आणि ती रडत होती, आणि येणारेजाणारे वाट देत होते. त्या जिन्यावर रडणाऱ्या बाईकडं कुणी वळून बघत नाही.

घरी येऊन तिनं सासऱ्यांना सगळं सांगितलं. ते ओसरीवर ज्वारी निवडत बसले होते.

"मॅडम म्हणत्यात, डावीकडचेच दात किडल्यात. म्हणं गालात कायतरी धरतोय का."

चनबसप्पांचा हात सुपातच थांबला. "डावीकडचे?"

"व्हय. नवलच म्हणं."

ते सूप बाजूला सारून उठले आणि मागच्या दारानं बाहेर गेले. दुपारी जेवायला बसले पण भाकरी तशीच राहिली. श्रीदेवीला वाटलं, नातवाची काळजी. तिला तरी कुठं घास उतरत होता! आणि दुसऱ्या दिवशी सकाळी "बाय तेगी" ऐकू आलं नाही, हेही तिच्या ध्यानात आलं नाही. तिचं सगळं ध्यान गुरुवारवर लागलं होतं.

गुरुवारी सासरे म्हणाले, "मी बी येतो." तिला बरंच वाटलं. पिशवी धरायला एक हात जास्त.

गोळ्यांनी सूज उतरली होती, सकाळचं रक्त चांगलं आलं होतं. सगळं जुळून आलं होतं, आणि शिवू खुर्चीत बसला आणि त्यानं ओठ गच्च मिटले.

"आ कर बाळा," मॅडम म्हणाल्या.

नाही.

मॅडमनी लाडीगोडी केली, हातमोज्याचा फुगा करून दाखवला. सिस्टरनी गोष्ट सांगितली. श्रीदेवीनं विनवलं, मग धाक घातला, मग बाबा रागावतील म्हणाली, मग बाबा खेळणं आणतील म्हणाली. पोराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकातून वाहत होतं, पण तोंड म्हणून उघडेना. मॅडमनी नुसतं बोट ओठांना लावलं तर त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"अरं उघड की मेल्या!" श्रीदेवी ओरडली, आणि तिचा हात उठला. त्याच्या मांडीवर फटका बसला. त्या मांडीवर मांस तरी कुठं होतं! श्रीदेवीनं स्वतःचा तो हात दुसऱ्या हातात धरला. असल्या पोराला मारलं आपण. असल्या पोराला.

मॅडम हळूच म्हणाल्या, "ताई, जबरदस्ती मी करणार नाही. झटापटीत लागलं तर रक्त थांबायचं नाही ह्याचं. पूर्ण भूल देऊन, झोपवून करता येईल, पण त्याची तारीख घ्यावी लागेल. तोवर औषध पुढं ढकलावं लागेल."

"किती पुढं?"

"आत्ता नाही सांगता यायचं."

श्रीदेवी भिंतीपाशी स्टुलावर बसली. तिला आता काही सुचत नव्हतं. औषध पुढं म्हणजे आजार पुढं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

तेवढ्यात दारातून चनबसप्पा आत आले. चपला बाहेर काढून, देवळात यावं तसे अनवाणी. कुणाकडं न बघता खुर्चीपाशी गेले आणि नातवाच्या तोंडाजवळ वाकले.

"हाय का तोंडात?"

शिवूनं हातांआडून मान हलवली. होय.

"काय हाय?" श्रीदेवी उठली. "काय हाय तोंडात, मामा?"

"खडा हाय. प्रसादाचा." चनबसप्पा खाली बघत म्हणाले. "मीच सांगितलंय त्याला. सारखा गालात धर म्हणलो. संपला की दुसरा घे. झोपताना बी. त्याच्या खिशात पुडी दिलीया मी."

श्रीदेवीनं शिवूच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. कागदाची चिकट पुडी होती. एवढी धुणी धुतली तिनं, एवढे सदरे बदलले, आणि पोरानं प्रत्येक वेळी ती लपवली होती. तिच्या मनात आलं, ओरडावं, गळा फाडून ओरडावं ह्या म्हाताऱ्यावर. ओरडायला पण ताकद लागते.

"थूक," चनबसप्पा नातवाला म्हणाले.

शिवूनं जोरात मान हलवली.

"मी सांगतोय न्हवं? अज्जा सांगतोय. थूक."

मग हातांआडून, ओठ कसेबसे हलवत, शिवू बोलला. आठवड्यात पहिल्यांदा एवढं बोलला असेल.

"तूच म्हणलास की. तोंडात हाय तवर तुला काय बी होत न्हाय म्हणून."

"म्हणलो."

"मग थुकलो की मी मरतोय."

वर्षभर घरात तो शब्द कुणी काढला नव्हता. शेजारीपाजाऱ्यांना दारातच दटावलं होतं, पोरासमोर बोलायचं नाही म्हणून. टीव्हीवर तसलं काही लागलं तर श्रीदेवी उठून बंद करायची. आणि हे सात वर्षांचं पोर तो शब्द गालात धरून बसलं होतं, एवढे दिवस, एकटं. म्हणून चूळ नको, म्हणून ब्रश नको, म्हणून आई नको. श्रीदेवीच्या तोंडातून हुंदका फुटला आणि तिनं पदर तोंडात कोंबला.

चनबसप्पा खाली बसले. गुडघे धरत धरत, त्या चकचकीत फरशीवर. आता त्यांचा चेहरा खुर्चीतल्या पोराच्या चेहऱ्याखाली आला.

"ऐक शिवू. ते देव न्हाय बोलला. मी बोललो. देवानं मला कवा सांगितलं न्हाय तसं. मला लई भ्या वाटत हुतं, म्हणून माझ्या मनचं बोललो."

"खोटं?"

"खोटं."

शिवूनं विचार केला. "मग देव रागावला तर?"

"माझ्यावर रागावंल की. त्याचं नाव घेऊन खोटं बोलला कोण? मी. तू काय केलास? तुला काय म्हणून करंल त्यो?"

"तुला काय करंल?"

"करू दे काय बी. मी हाय की."

त्यांनी हाताची ओंजळ करून पोराच्या हनुवटीखाली धरली. ज्या खड्यावर पोराचा जीव टांगला आहे असं त्यांनी इतके दिवस मानलं होतं, तो खडा आता ते स्वतःच मागत होते. श्रीदेवीला ते कळलं, आणि मघाचा राग कुठं गेला ते तिचं तिलाच समजलं नाही.

"दुखंल का?" शिवूनं विचारलं.

"दुखंल," चनबसप्पा म्हणाले.

शिवूनं हात खाली घेतले. मान वाकवली आणि अज्जाच्या ओंजळीत खडा थुकला. विरघळून विरघळून हरभऱ्याच्या डाळीएवढा उरला होता. मग त्यानं मान मागं टेकली, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. चांगलं मोठं.

मॅडमनी वेळ घालवला नाही. आधी हिरडीत भुलीची सुई, आणि शिवू किंचाळला, पण ओठ मिटले नाहीत. श्रीदेवीनं त्याचे पाय धरले होते, ज्या मांडीवर मारलं होतं तिच्यावर तिचा तळहात होता. थोड्या वेळानं मॅडमचं मनगट एकदा वळलं आणि ताटलीत टक् असा आवाज आला. एवढीशी दाढ, पोखरून पोखरून काळी पडलेली. कापसाचा बोळा दाबून मॅडम म्हणाल्या, "झालं. शाब्बास रे बाबा. घट्ट चाव. रक्त थांबतंय, छान थांबतंय. सोमवारी औषध मिळेल ह्याला, ताई."

"मिळंल?"

"मिळेल."

मग त्या सासऱ्यांकडं वळून म्हणाल्या, "आजोबा, फार बरं केलंत. आता घरी गेल्यावर ब्रश तुम्हीच करून घ्या त्याच्याकडून. तुमचं ऐकतो तो. घ्याल ना?"

चनबसप्पांनी नुसती मान डोलवली. ते अजून फरशीवरच बसले होते. मॅडमनी परत काहीतरी विचारलं, त्यालाही त्यांनी मानेनंच उत्तर दिलं.

श्रीदेवीला वाटलं, म्हाताऱ्याचा कंठ दाटला असेल. शिवूला खांद्यावर घेऊन ती त्यांना उठवायला वाकली, त्यांच्या दंडाला धरलं आणि तिची नजर त्यांच्या हाताकडं गेली. ओंजळ रिकामी होती. फरशीवर काही नव्हतं, बाजूच्या बादलीत नव्हतं.

मग तिनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ओठ गच्च मिटलेले होते, आणि डाव्या गालात काहीतरी होतं. चनबसप्पा ते चावत नव्हते, चघळत नव्हते. नातवाचा खडा, विरघळू नये म्हणून जीभसुद्धा न लावता, त्यांनी गालात धरून ठेवला होता.

"चला मामा," श्रीदेवी म्हणाली. वडापमध्ये तिनं त्यांना खिडकीची जागा दिली, आणि वळसंग येईपर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही, त्यांना तोंड उघडावं लागू नये म्हणून.